शून्य पूर्णांक शून्य शून्य सहा हजार मासे

मासे सहा होते आणि जोया परत येईपर्यंत ते सहाच राहायला हवे होते. यापेक्षा जास्त काही जाफरभाईंकडून कुणी मागितलं नव्हतं. ते वाढवायचे नव्हते, विकायचे नव्हते, त्यांच्याकडून काही करून घ्यायचं नव्हतं. सकाळी चिमूटभर खाणं, आठवड्याला दोन तांबे पाणी बदलायचं आणि मोजून सहा. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला नागपूरला निघालेल्या मुलीनं मूल गावच्या स्टँडवर बसच्या खिडकीतून हात बाहेर काढून बापाला बजावलं, "अब्बू, सहा." जाफरभाईंनी निकाहात 'कबूल' म्हणावं तशा आवाजात उत्तर दिलं, "सहा."

जबाबदारी एवढीशी, पण तिला पार्श्वभूमी होती. जोया सातवीत असताना तिच्या सशाच्या पिंजऱ्याची कडी लावायचं काम जाफरभाईंकडे होतं. त्या विषयावर शेख कुटुंबात आजही कुणी बोलत नाही. म्हणून यावेळी बस वळणाआड गेली तरी जाफरभाई स्टँडवर उभे राहून मनातल्या मनात सहाचा आकडा घोकत होते.

मासे तरी केवढे? बोटाच्या एका पेराएवढे. चंदेरी अंग, डोक्यापासून शेपटीपर्यंत सुरम्याच्या काडीनं ओढल्यासारखी काळी रेघ आणि तोंडाशी बारीक मिशा. मिशावाल्या माशांतली ही बुटकी जात. जन्मभर एवढेच राहतात, असं जोयानं जाताना तीनदा सांगितलं होतं, आणि नेमकी तीच एक गोष्ट पुढे मूल गावात कुणाला पटली नाही.

पेटी ठेवली होती दुकानात. घरात जागा द्यायला जोयाच्या आईनं, आबिदाबींनी, साफ नकार दिला. घरात येते ती मासळी कढईत जाते, तिच्याशी ओळख वाढवली की घास उतरत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे जाफरभाईंच्या बाजाररस्त्यावरच्या 'नूर चष्माघर'मध्ये, फ्रेमांचं कपाट आणि तपासणीची खोली यांच्या मध्ये, पावणेदोन फुटांची ती काचेची पेटी बसली. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. त्याचं उलटं प्रतिबिंब पेटीच्या काचेत पडायचं आणि मासे त्या अक्षरांमधून फिरायचे. मोठ्या 'क'च्या पोटातून निघून सगळ्यात खालच्या, कुणालाच न दिसणाऱ्या ओळीत जाऊन बसायचे.

धानाच्या रोवण्याचे दिवस होते. अख्खा तालुका गुडघाभर चिखलात उभा होता आणि चिखलात उभ्या माणसाला चष्म्याची आठवण येत नाही. दुपारभर दुकानात चिटपाखरू नसायचं. जाफरभाई स्टुलावर बसत आणि पेटीकडे बघत. एरवी या माणसाची सगळी हयात दुसऱ्याच्या डोळ्यांत बघण्यात गेली होती. स्वतःच्या डोळ्यांनी निवांत काही बघायचं राहूनच गेलं होतं. मासे पानावर टेकून डुलकी घेत, मग एखादा एकदम वर झेप घेऊन पाण्याबाहेरची हवा गिळून परत येई आणि जागेवर निजे. पंखा फिरे, हवेचे बुडबुडे वर जात. चार वाजता कुणी हाक मारली की जाफरभाईंना आपण मधले दोन तास कुठे होतो हे सांगता येत नसे. खूप वर्षांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

आणि अशाच एका दुपारी एका माशानं त्यांना डोळा मिचकावला.

माशाला पापणी नसते हे जाफरभाईंना ठाऊक होतं. डोळ्यांच्या बाबतीत त्यांना सहसा कुणी फसवू शकत नाही. तरी त्या माशानं पानावर बसल्या बसल्या डावा डोळा खाली केला, वर आणला आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं पुढे गेला. जाफरभाईंनी ही बातमी पहिल्यांदा आबिदाबींना दिली. त्या म्हणाल्या की दुपारी भात कमी खात जा. मग शेजारच्या झेरॉक्सवाल्या सुनिलला दिली. गावातले सगळे ऑनलाइन अर्ज भरणारा हा सुनिल सल्ला मात्र अर्जाशिवाय देतो. त्यानं जाफरभाईंना त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच तक्त्यासमोर उभं केलं आणि वाचायला लावलं. त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचून दाखवलं. सुनिल म्हणाला, "तीस वर्सांचं पाठ हाये, यात काही सिद्ध होत नाई." अर्ध्या तालुक्याला नंबर काढून देणाऱ्या माणसाला डोळे तपासून घे म्हणणं म्हणजे आचाऱ्याला खानावळीचा पत्ता देण्यासारखं झालं. जाफरभाई दोन दिवस सुनिलशी बोलले नाहीत.

विश्वास ठेवला तो एकट्या मुखरूभाऊनं. मुखरूभाऊ म्हणजे ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीचा जुना सभासद. चाळीस वर्षं मामा तलावात, म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावात, जाळं टाकलेला माणूस. सकाळची मासळी विकून झाली की तो दुपारी चष्माघरात टेकायला यायचा. त्याचा दोऱ्यानं बांधलेला चष्माही इथलाच. त्यानं डोळ्याची हकिकत शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "मारला असंल जी. पाण्यातलं सारं आपल्याले थोडी समजते."

जाफरभाईंच्या मनाला हे वाक्य फार लागलं, म्हणजे चांगल्या अर्थानं लागलं. त्या दिवसापासून मुखरूभाऊ त्यांना सख्ख्या भावासारखा झाला. आणि सगळ्या भानगडीचं मूळ तेच आहे.

कारण मुखरूभाऊच्या हिशेबी बोटाच्या पेराएवढा मासा म्हणजे बीज. बीज तलावात सोडतात, त्याला खायला घालतात आणि ते वाढतं. न वाढणारं बीज त्यानं चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. पाणी फार स्वच्छ आहे, हाच त्याचा मुख्य आक्षेप. बीज सोडायच्या आधी तलावात शेण टाकतात, पाणी हिरवं धरतं, मग मासळी अंग धरते. चष्माघरातल्या पेटीत शेण टाकायला जाफरभाईंनी हात जोडून नकार दिला. मग मुखरूभाऊ कोंड्यावर आला. मूलमध्ये राइस मिल मोजाव्या तितक्या कमी, कोंड्याला काय तोटा? एका दुपारी जाफरभाई आतल्या खोलीत एका बाईंचा नंबर काढत असताना मुखरूभाऊनं बंडीच्या खिशातून मूठभर कोंडा काढला आणि प्रेमानं पेटीत सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीत पाणी नव्हतं, पेज होती. पाच मासे वर येऊन हवा गिळत होते. सहावा तळाशी आडवा पडला होता.

जाफरभाईंनी पाणी बदललं, पाचांना वाचवलं. सहाव्याला त्यांनी मखमली अस्तराच्या एका चष्म्याच्या डबीत ठेवलं. ती चांगली डबी होती, फक्त महाग फ्रेमबरोबर देत. दुकानाच्या दाराशी गुलाबाची कुंडी होती, तिच्यात पुरताना त्यांचे डोळे भरून आले आणि आपण पेराएवढ्या माशासाठी रडतोय याची त्यांना शरमही वाटली. तेवढ्यात मुखरूभाऊ आला. त्यानं पेटीत वाकून पाहिलं. पाणी अजून जरा गढूळ होतं. तो खुशीनं म्हणाला, "पाह्यलं? रंग आला पाण्याले."

जाफरभाईंनी हाताला लागलेली माती झटकली. ज्या एका माणसानं आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवला, त्याला तू मासा मारलास म्हणून कसं सांगायचं? 'आता बास, पोट भरलं त्यांचं' एवढंच ते म्हणाले आणि त्यानं आज आणलेली कोंड्याची पिशवी हळूच कपाटामागे गेली.

त्या संध्याकाळी जोयाचा व्हिडिओ कॉल आला. तिनं रोजच्यासारखं विचारलं, "अब्बू, सहा?" जाफरभाईंनी फोन पेटीसमोर धरला. मासे एका जागी थांबत नाहीत ही त्यांच्या बाजूनं चांगली गोष्ट होती. ते म्हणाले, "सहा." जो माणूस गिऱ्हाईकाला न शोभणारी फ्रेम 'शोभते' म्हणत नाही, त्यानं पोटच्या मुलीला खोटं सांगितलं.

पण खोटं सांगताना त्यांना पडद्यावर आणखी काही दिसलं. जोयाच्या चष्म्याच्या उजव्या दांडीला पांढरी पट्टी गुंडाळली होती, जखमेला लावतात ती. चष्मा त्यांच्याच हातचा होता. तो आपोआप तुटणारा नव्हता आणि तुटला तर दुसऱ्या मिनिटाला बापाला कळवणारी ही मुलगी होती. त्यांनी विचारलं, "बरी आहेस ना?" ती म्हणाली, "एकदम मस्त." पुढे विचारायचा धीर त्यांना झाला नाही. 'सहा' म्हणणारा माणूस 'मस्त'ची उलटतपासणी कोणत्या तोंडानं करणार? मग रोज संध्याकाळी हेच. ती म्हणायची सहा, ते म्हणायचे सहा. ते म्हणायचे बरी ना, ती म्हणायची मस्त.

इकडे सोसायटीच्या बैठकीत मुखरूभाऊनं जाफरभाईंच्या माशांचं कौतुक केलं. मिशा कशा आहेत, वर येऊन हवा कशी गिळतात, कसे तगडे आहेत. त्याच्या कौतुकावर बैठकीतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. मिशा आणि वरून हवा गिळणं या दोन खुणा ऐकल्या की तलावाच्या काठावरच्या माणसाला एकच नाव आठवतं, ते थायलंडी मांगूरचं. सरकारनं बंदी घातलेला मासा. एक जरी तलावात गेला तरी बाकीचं बीज खाऊन फस्त करतो. कुणी कुणाशी वैर म्हणून नव्हे, निव्वळ तलावाच्या काळजीनं मासळीच्या कचेरीकडे अर्ज झाला. तो सुनिलनंच टाईप केला, आणि टाईप झाल्यावर शेजारधर्म म्हणून त्याची एक प्रत जाफरभाईंना आणून दिली.

चौथ्या दिवशी स्कुटीवरून मासळीच्या कचेरीतल्या रंजीता मडावी मॅडम आल्या. कुरखेड्याकडच्या जंगलातल्या गावची मुलगी, नोकरीला दुसरंच वर्ष. बरोबर फूटपट्टी, काचेची बरणी आणि छापील तक्ता. तक्ता तलावांसाठी बनवलेला होता. क्षेत्रफळ हेक्टरमध्ये लिहायचं होतं. जाफरभाईंची पेटी हेक्टरमध्ये किती होते याचा हिशेब सुनिलनं मोबाईलवर केला आणि इतकी शून्यं आली की मॅडमनी 'निरंक' लिहिलं. पुढचा रकाना होता, बीज संख्या, हजारात.

"किती आहेत?" मॅडमनी विचारलं. त्यांनी स्वतः दोनदा मोजायचा प्रयत्न केला होता, एकदा चार भरले, एकदा सात.

जिभेला महिनाभराचं वळण पडलं होतं. जाफरभाई म्हणाले, "सहा."

मॅडमनी लिहिलं, ०.००६. मुलीला सांगितलेलं खोटं आता शिक्क्यासह सरकारी दप्तरात गेलं.

जाफरभाईंनी खरेदीचं बिल दाखवलं. जोया बिलं जपून ठेवणारी मुलगी आहे. बिलावर लिहिलं होतं, 'रंगीत मासे, नग सहा'. मॅडमनी बिल पाहिलं, मासे पाहिले. मासे चंदेरी आणि काळे होते. रंग म्हणावा असा त्यांच्यावर एकही नव्हता. त्यामुळे बिलानं संशय मिटायच्या ऐवजी वाढला. सुनिलनं इंटरनेटवरचे फोटो दाखवले, तर इंटरनेट फाईलला लावता येत नाही असं कळलं. ओळखीचा तक्ता होता, पण तो तीन इंचांपासून पुढे सुरू होत होता. "तीन इंच होऊ द्या," मॅडम म्हणाल्या, "मग लगेच सांगते." ते कधीच तीन इंच होणार नाहीत, असं जाफरभाईंनी सांगितलं. मॅडमनी सहानुभूतीनं मान हलवली. आरोपी असंच म्हणतो.

झाकणाला दोरा बांधून लाखेचं सील ठोकण्यात आलं. खाणं टाकायला एक फट ठेवली. पाणी बदलायला मात्र लेखी परवानगी लागणार होती. 'दोन तांबे पाणी बदलण्याबाबत' हा अर्ज करून जाफरभाई वाट पाहू लागले. उत्तर आलं की तांब्याची धारणक्षमता आणि पाण्याचा स्रोत नमूद करावा. शेवटी मॅडम दर पंधरा दिवसांनी मोजमापाला येत तेव्हाच स्वतः सील काढून, स्वतः दोन तांबे बदलून, परत सील ठोकत. मोजमाप काचेबाहेरून फूटपट्टी धरून व्हायचं. पाण्यातली वस्तू असते त्यापेक्षा मोठी दिसते हे जाफरभाईंनी भिंग हातात देऊन समजावलं, तेव्हापासून मॅडम नोंद करू लागल्या, 'लांबी एक इंच, पाण्याची फसवणूक वजा जाता.'

आता मासे वाढावेत अशी सगळ्या बाजाररस्त्याची इच्छा होती. अंगठ्याएवढे होऊ देत, मग दूध का दूध होईल. आबिदाबींनी उकडलेल्या अंड्याचा पिवळा भाग पुडीत बांधून पाठवला, वर निरोप की नावं ठेवू नका, फक्त खायला घाला. मुखरूभाऊ बिचारा अर्धा झाला होता. आपल्या तोंडानं मित्र गोत्यात आला हे त्याच्या जिवाला लागलं होतं आणि तलावाची काळजी तीही खरीच होती. तो मार्कंड्याच्या देवळात जाऊन मासे तीन इंच झाले तर नारळ फोडीन असं बोलून आला. जाफरभाईंनी त्याचे आभार मानले आणि दुपारी पेटीसमोर बसून त्या पाच जिवांना मनोमन सांगितलं की कुणाचं ऐकू नका, आहात तसेच राहा.

मॅडमच्या भेटी लांबू लागल्या. पहिल्यांदा उभ्यानं मोजून गेल्या. दुसऱ्यांदा खुर्ची मागितली. तिसऱ्यांदा मोजून झालं तरी त्या बसून राहिल्या. माशांवर त्यांनी परीक्षा दिल्या होत्या, पण त्या बरणीतल्या, औषधात बुडवलेल्या माशांवर. जिवंत मासा काही न करता नुसता बसलेला त्यांनी नोकरीत पाहिला नव्हता. हिरवा उजेड त्यांच्या तोंडावर हलत होता. बाहेर लवकर पिकणाऱ्या हलक्या धानाची पहिली पोती मिलकडे निघाली होती, हवेत कोंड्याची धूळ तरंगत होती आणि आत तीन माणसं, मॅडम, मुखरूभाऊ आणि जाफरभाई, एका शब्दाविना बसली होती. तासाभरानं मॅडम दचकून म्हणाल्या, "त्यानं आत्ता डोळा..." जाफरभाईंना एवढा आनंद झाला होता की बोलले असते तर आवाज फुटला असता.

पण वरून पत्र आलं. प्रकरण फार दिवस रेंगाळलं आहे. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी ओळख न पटल्यास मासे नष्ट करून अहवाल द्यावा. ते पत्र दाखवताना मॅडमची मान खाली होती. "मले हे करायचं नाई, काका," त्या म्हणाल्या. दोन महिन्यांत त्या पहिल्यांदाच कचेरीची भाषा सोडून बोलल्या. जाफरभाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. जोया दिवाळीला येणार होती. तिला सहाच्या जागी पाच दाखवायचे, या विचारानं ते आधीच खचले होते. आता रिकामी पेटी दाखवायची वेळ आली होती.

मॅडमनी त्यांच्या जुन्या कॉलेजातून एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात या बुटक्या मिशावाल्यांची माहिती होती. चित्रावरून ओळख पक्की होत नव्हती, कारण चित्रं तशी सगळ्यांचीच सारखी. पण एक ओळ कामाची निघाली. या कुळातला मासा डोळा खाली फिरवतो, त्यामुळे तो मिचकावल्यासारखा दिसतो. मांगूरला हे येत नाही. म्हणजे दोन पंचांसमक्ष माशानं डोळा मिचकावला की प्रकरण मिटलं. मसुद्यावर मात्र बराच वेळ गेला. मासळीनं अधिकाऱ्यांना डोळा मारला असं सरकारी कागदावर लिहिता येईना. सुनिलनं 'नेत्रचलन' हा शब्द शोधून दिला आणि जाफरभाईंनी त्याला माफ केलं.

पंच ठरले सुनिल आणि मुखरूभाऊ. दिवस ठरला सुट्टीच्या आधीचा शेवटचा, आणि जोयाची बस त्याच दुपारी होती.

मॅडमनी सील काढलं. पंचनाम्यात आधी संख्या, मग ओळख. या खेपेला पेटीतली झाडं बाजूला केली, पंप बंद केला, सगळे मासे एका कोपऱ्यात आले आणि पहिल्यांदाच नीट मोजता आले. मॅडमनी मोजले, सुनिलनं मोजले. पाच.

एक कमी, याचा तलावाच्या गावात एकच अर्थ होतो, मासा तलावात सुटला. मुखरूभाऊचा चेहरा पांढरा पडला. त्यानं विचारलं, "जाफरभाऊ, सहावा कुठी हाये?"

जाफरभाई उठले. दाराशी गेले, गुलाबाच्या कुंडीतली माती हातानं उकरली आणि मखमली डबी आणून मॅडमसमोर उघडली. तीन महिन्यांनंतर तिच्यात सुरम्याच्या रेघेएवढं काहीतरी उरलं होतं. "ऑगस्टमध्ये गेला," ते म्हणाले. "मी सहा म्हणालो ते खोटं होतं. पाणी खराब झालं होतं."

मुखरूभाऊनं डबीकडे पाहिलं, मग कपाटामागून डोकावणाऱ्या कोंड्याच्या पिशवीकडे पाहिलं. हळूच चष्मा काढून हातात घेतला. "पाणी आपोआप खराब होत नाई जी," तो म्हणाला. "चाळीस वर्सं पाण्यात काढली म्या. मले काऊन नाई सांगितलं?"

मुखरूभाऊ जायला उठला, पण पंचाला पंचनामा अर्धा टाकून जाता येत नाही असं मॅडम कशाबशा म्हणाल्या. तो परत बसला आणि उघड्या डोळ्यांनी पेटीकडे बघू लागला. जवळचं त्याला चष्म्याशिवाय काहीच दिसत नाही, हे जाफरभाईंना त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी त्याच्या हातातला चष्मा घेतला, पिवळ्या फडक्यानं दोन्ही काचा पुसल्या, दोऱ्याची गाठ घट्ट केली आणि गिऱ्हाईकाला चढवतात तसा स्वतःच्या हातानं त्याच्या नाकावर बसवला.

मग सगळे वाट पाहत बसले. अर्धा तास गेला, तास गेला. सुनिलला झोप लागली. बुडबुडे नव्हते, पंखा हळू होता, काचेतल्या उलट्या अक्षरांवर पाच मासे बसले होते. मॅडमच्या हातातलं पेन वहीवर टेकून राहिलं होतं. एक मासा तळावरून उठला, मुखरूभाऊच्या नाकासमोरच्या पानावर येऊन टेकला आणि बराच वेळ तसाच राहिला. मग त्यानं डोळा खाली केला आणि वर आणला.

"मारला," मुखरूभाऊ म्हणाला. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं. "मलेच पाहून मारला."

मॅडमनीही पाहिलं. सुनिलला जागं केलं, त्याच्यासाठी माशानं पुन्हा एकदा केलं, जणू सरकारी कामाची त्याला समज होती. ओळख पटली. मॅडम खाली मान घालून भराभर लिहू लागल्या, आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की दारात खांद्यावर बॅग घेऊन जोया उभी आहे. ती कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. उजव्या दांडीवर पांढरी पट्टी तशीच होती.

जाफरभाईंनी मुलीकडे पाहिलं आणि सशापासूनचं सगळं त्यांच्या तोंडावर आलं. "पाचच राहिले, बेटा."

"मले माहीत होतं, अब्बू," जोया म्हणाली. "मी कॉल चालू असताना फोटो काढत होती, मग मोजत होती. ऑगस्टपासून रोज पाच."

"मग रोज विचारत काऊन होती?"

जोयानं बॅग खाली ठेवली. "तिथं करमत नव्हतं मले. एकदा रडता रडता तशीच झोपली अन् चष्मा अंगाखाली मोडला. तुमाले सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या बसनं घ्यायले आले असते. तुम्ही सहा म्हणत होते न, तर वाटे का घरी सारं जसंच्या तसं हाये. मग झोप येत होती."

जाफरभाईंनी तिला जवळ घेतलं. आतापर्यंत बाहेरून सगळं पाहत असलेल्या आबिदाबी डबा घेऊन आत आल्या आणि मासे सोडून सगळ्यांना रागावल्या.

मॅडमच्या कागदावर संख्येचा रकाना राहिला होता. पहिल्या पंचनाम्यात ०.००६ होतं आणि आकडा जुळल्याशिवाय फाईल बंद होत नव्हती. त्यांनी उघड्या डबीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि ठळक अक्षरांत लिहून मोठ्यानं वाचलं, "जिवंत, शून्य पूर्णांक शून्य शून्य पाच हजार. मयत, शून्य पूर्णांक शून्य शून्य एक हजार. एकूण, शून्य पूर्णांक शून्य शून्य सहा हजार. बेरीज जुळते." पंचांनी सह्या केल्या. मुखरूभाऊनं सही करून झाल्यावर ती मखमली डबी उचलली, परत कुंडीत ठेवली आणि वरची माती आपल्या हातानं सारखी केली.

जाफरभाई बाकड्यावर बसले. जोयाच्या चष्म्याची पट्टी त्यांनी सोडवली, चिमट्यानं बारीक स्क्रू उचलला. चष्मा नसला की चार हातांपलीकडचं तिला सगळं धूसर दिसतं. ती दारापाशी, मुखरूभाऊशेजारी उभी राहून पेटीच्या दिशेनं बघत होती.

"समोर बघ," स्क्रू फिरवता फिरवता जाफरभाईंनी गिऱ्हाईकाला विचारतात तसं विचारलं. "किती दिसतात?"

"सहा, अब्बू," जोया म्हणाली.